सतराव्या पानावरची दाई

आमच्याकडं माणूस नावासाठी जगतो. हे मी कौतुकानं नाही सांगत, वैतागून सांगतो. महामार्गावरच्या जाम गावच्या चौकातून आत वळलं की आमचं गाव, तिथं माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स. अर्धं आयुष्य मी लोकांची नावं छापण्यात घातलं. पत्रिकेत काकाचं नाव मामाच्या खाली गेलं म्हणून ऐन हळदीच्या दिवशी येऊन काउंटर बडवणारे लोक मी पाहिले आहेत. एक बाई तर रडत आली होती, की 'किलबिल'मध्ये आमच्या छकुलीचं नाव राहिलं. छकुली दीड वर्षाची! तिला काय वाचता येणार होतं, डोंबल? म्हणून या लिखाणात मी एकाही माणसाचं नाव घालणार नाही. आयुष्यभर घातली, आता पुरे झालं.

तर गोष्ट आमच्या भागातल्या जनपद सभेच्या इतिहासाची आहे. जनपद सभा म्हणजे काय, हे आजच्या पोट्ट्यांना माहीत नाही आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बापांनाही नाही. वर्धा जिल्हा महाराष्ट्रात यायच्या आधीची ही व्यवस्था. रस्ते, शाळा, कोंडवाडे, दवाखाने, सगळा कारभार जनपदकडं होता. पुढं राज्य बदललं, जिल्हा परिषदा आल्या आणि जनपद बुडाली. कोणी रडलं नाही. आमच्या गावात तिची एकच खूण उरली होती, कौलारू दवाखाना. त्यात अलीकडं बकऱ्या बसत. दाराच्या बाजूला कोनशिला होती आणि तिच्यावर जनपदच्या एका सभासदाचं नाव कोरलेलं होतं. ते सभासद म्हणजे आमच्या भाऊंचे आजोबा.

भाऊ म्हणजे गावचे पुढारी. पन्नाशीचे, पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं पाहण्याची सवय, जणू मागं कोणी मोठा माणूस उभा आहे. तो दवाखाना पाडून तिथं दुकानांचे गाळे बांधायचे आणि त्यांना आजोबांचं नाव द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आता आजोबांनी बांधलेली वास्तू पाडून तिच्या जागी आजोबांचंच नाव लावायचं, ही अक्कल आमच्याकडंच पिकते.

इथपर्यंत माझा काही संबंध नव्हता. पण भाऊंचा जावई इंग्लंडात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं तिथून एक पुस्तिका आणली. त्याच्या गावाच्या आसपास पूर्वी एक जिल्हा होता म्हणे. आपल्यासारखा मोठा नाही, चार-दोन गावं आणि तीस-चाळीस खेडी. त्याचं स्वतःचं कार्यालय होतं, अध्यक्ष होता, सभासद होते. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारनं तो मोडला आणि मोठ्या जिल्ह्यात घालून टाकला. त्याचा इतिहास गावातल्या म्हाताऱ्यांनी बसून लिहिला आणि गुळगुळीत कागदावर छापला. भाऊंनी ती पुस्तिका माझ्या काउंटरवर टाकली.

"असंच आपल्या जनपदचं पाह्यजे," ते म्हणाले. "असाच कागद, असंच सारं. भूमिपूजनाच्या दिवशी प्रकाशन. तुमी लिहा. तुमाले लिवता येते, छापता येते."

"भाऊ, मले इतिहासातलं काय समजते?"

"कोनाले समजते? लिवून टाका."

लिहून टाका! जशी काय उधारीची पाटी आहे. पण गावातले सगळे फ्लेक्स भाऊंच्या सांगण्यावरून माझ्याकडं येतात. वाढदिवस, निवड, दिवाळी, श्रद्धांजली, सगळे. मी हो म्हटलं.

ती इंग्रजी पुस्तिका मी आठवडाभर दुकानात बसून वाचली. एक हात मोबाइलच्या भाषांतरावर, एक हात झेरॉक्सवर. आणि राजेहो, काय सांगू! अर्ध्या जगावर राज्य केलेली ही माणसं, आणि स्वतःच्या घरी भांडत काय होती, तर नाली कुठून न्यायची यावर. तीन पानं नाली! कार्यालय या गावात ठेवायचं की त्या गावात, यावर दोन पानं. कचऱ्याची गाडी घोड्याची असावी की मोटारीची, यावर एका सभासदानं राजीनामा दिला होता. मला हसू आलं. म्हटलं, आपलेच भाऊबंद दिसतात हे, फक्त गोरे. जिल्हा मोडून इतकी वर्षं झाली तरी म्हातारे रुसलेले होते, आमचा जिल्हा छान होता, नव्या जिल्ह्यात आम्हाला कोणी विचारत नाही. पानापानावर तीच कुरकुर.

पण मध्ये एक पान आलं आणि माझं हसू गेलं. त्या पानावर सायकल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईचा फोटो होता. जिल्ह्याची नर्स. पावसात-बर्फात सायकलवर फिरून ती बाळंतपणं करायची. कोणत्या खेड्यात जायची, सायकल कुठं पंक्चर व्हायची, निरोपाला किती लोक आले, सगळं लिहिलेलं होतं. गळ्यात पदाची साखळी घातलेल्या सगळ्या अध्यक्षांना मिळून एक पान आणि या एकटीला एक पान. मला ते आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण त्यांचं काही आवडावं हे मला आवडलं नाही. मी पुस्तिका मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशीपासून लोक दुकानात आजोबा घेऊन यायला लागले. कोणी फोटो, कोणी पितळी गडू, कोणी नुसतंच तोंड. "आमचे आजोबा जनपदमंदी होते." काय होते? माहीत नाही. होते. एकानं आजोबांचा फोटो म्हणून कॅलेंडरवरच्या कोण्या पागोटेवाल्याचा फोटो दिला, मागं तेलाच्या गिरणीची जाहिरात तशीच. मी विचारलं, हे तुमचेच का? तर म्हणाला, "असेच दिसत होते." अशा माणसांचा इतिहास मी लिहीत होतो.

तेव्हाच ती आली. आमच्याकडं बाजारात भाजी विकणारी म्हातारी आहे, ऐंशीच्या वरची. स्वतःच्या वाडीतली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन बसते. मी तिला मावशी म्हणतो. अक्षराची ओळख नाही, पण भाजी तोलताना कोणाची छाती नाही तिला फसवायची. टोपली पायरीवर ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तू जनपदचं पुस्तक लिवून राह्यला म्हंतेत."

"हाव मावशी."

"मंग माही माय टाकजो त्यात."

तिची माय जनपदची दाई होती. हे गावात जुन्यांना माहीत होतं, मलाही होतं, पण माहीत असणं आणि आठवणं यात फरक असतो. मी वही काढली. ती सांगत गेली. जनपदनं तिच्या मायला एक पत्र्याची पेटी दिली होती. कात्री, धागा, औषधाची बाटली, चिंध्या. आणि एक पितळी बिल्ला. दवाखान्याचं उद्घाटन झालं तेव्हा हार घातले गेले, पण डॉक्टर बाजाराच्या दिवशी आला तर आला. बाकी सारं तिच्या मायनंच केलं. चिखल तुडवत आसपासच्या सगळ्या खेड्यांत जायची. मग जनपद मोडली. नवीन कार्यालयातून माणूस आला आणि म्हणाला, पेटी जमा करा, बिल्ला जमा करा. मायनं पेटी राखेनं घासली, लखलखीत केली आणि जमा केली. नवीन यादीत तिचं नाव आलं नाही. त्यानंतरही ती कित्येक वर्षं बाळंतपणं करत होती, घरच्या कात्रीनं.

"तुलेबी तिनंच काढलं," मावशी म्हणाली. "तुये पाय पयले आलते. उलटा. तवापासून उलटाच हायेस."

"आन भाऊ?"

"तो आन त्याचे दोनी भाऊ. तिनंच." मग तिनं टोपली जवळ ओढली. "तिचा फोटो नाई बाबू. दगड नाई, पाटी नाई. मी एकटीच तिची. मी मेल्यावर तिचं नाव घ्यायले कोनी नाई राह्यनार. एक पान टाकजो. लय नाई मांगत."

मला भरून आलं. उगाच नाही सांगत, खरंच आलं. मी म्हटलं, मावशी, पूर्ण पान टाकतो. आणि टाकलं. सतरावं पान. जन्मात एवढं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. पेटी, बिल्ला, राखेनं घासलेला पत्रा, सगळं. वर मोठ्या अक्षरात तिच्या मायचं नाव. त्या इंग्रजी नर्सच्या पानापुढं ठेवून पाहिलं आणि म्हटलं, आता बोला.

कच्ची प्रत भाऊंना दाखवायला नेली. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पानं भराभर उलटत गेले, आजोबांचा फोटो आला की थांबत, पुन्हा उलटत. सतराव्या पानावर आले.

"हे काय?"

"जनपदची दाई होती भाऊ. त्या इंग्रजी पुस्तकातबी नर्सचं पान आहे."

"अहो, ते नर्स हाये. ही दाई." त्यांनी प्रत मांडीवर ठेवली. "आन हे काय लिवलं, डॉक्टर येत नव्हता? आजोबानं दवाखाना आनला, आन तुमी लिवता डॉक्टर येत नव्हता? मंग आजोबानं केलं काय?"

हा प्रश्न मोठा नेमका होता. आयुष्यात भाऊंनी विचारलेला एकच नेमका प्रश्न.

"डॉक्टरचं वाक्य काढतो," मी म्हटलं. "दाईचं पान राहू द्या."

"पानच काढा. तिथं आजोबाचं दवाखान्याचं वेगळं पान टाका. मोठा फोटो. 'आरोग्यसेवेचे शिल्पकार'." मग पुन्हा माझ्या डोक्यावरून पलीकडं पाहत म्हणाले, "आन भूमिपूजनाचे बॅनर किती लागतीन, ते पाहून ठेवा. जामपासून लावू."

मी काय केलं? इतका वेळ दुसऱ्यांना नावं ठेवून राहिलो, आता माझी पाळी. मी शेपूट घातली. दुकानात आलो, सतरावं पान कॉम्प्युटरवर उघडलं, सगळं निवडलं आणि पुसलं. त्या जागी आजोबा. शिल्पकार! ज्या माणसानं दवाखान्याचं दार कसं उघडतं हेही पाहिलं नसेल, तो शिल्पकार. मी टाइप केलं आणि शुद्धलेखनही नीट तपासलं. जामपासून गावापर्यंतचे बॅनर मीच छापले.

मावशीला सांगायला पाहिजे होतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज बाजाराच्या बाजूनं न जाता मागच्या गल्लीनं घरी जायचो. असा मी शूर.

भूमिपूजनाच्या दिवशी मांडव होता. पाहुणे दीड तास उशिरा आले, आले ते बोलत बसले. आधुनिक विकास, आजोबांचा वारसा, तेच ते. एक वक्ता तर जनपद सभा आणि जिल्हा परिषद एकच समजून बोलत होता आणि टाळ्या घेत होता. पुस्तकं लाल फितीत बांधून तबकात ठेवली होती. बाजूला हळद-कुंकू, नारळ. आमच्याकडं पुस्तकाचीही पूजा होते. वाचत नाही कोणी, पूजा होते.

मावशी पहिल्या रांगेच्या मागं खाली सतरंजीवर बसली होती. नवीन लुगडं. प्रकाशन झालं, प्रती वाटल्या गेल्या, आणि ती प्रत छातीशी धरून गर्दीतून सरळ माझ्याकडं आली.

"कुठी हाय माही माय? बोट ठेव."

आजूबाजूला माणसं होती. भाऊ चार पावलांवर हार काढत होते. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, सतरावं पान काढलं आणि मोठ्या अक्षरांच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. भाऊंच्या आजोबांच्या नावावर. आणि मोठ्यानं तिच्या मायचं नाव वाचलं.

"पुढं?"

पुढं मी पाठ असलेलं सगळं म्हटलं. पेटी. बिल्ला. राखेनं घासून जमा केली. चिखलातून जायची. डोळे पानावर, आणि पानावर आजोबा पागोटं घालून माझ्याकडं पाहत होते. तिनं विचारलं, "हा फोटो कोनाचा?" मी म्हटलं, "जनपदचे सभासद होते, त्यांचा." ती म्हणाली, "असू दे." मग तबकातलं कुंकू चिमटीत घेऊन तिनं त्या ओळीवर लावलं, जिथं मी बोट ठेवलं होतं बरोबर तिथं. हात जोडले. मी तिथून निघालो तो थेट घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोला वाटलं मांडवात जेवलो.

चारेक आठवडे गेले. एक दिवस तिची सून झेरॉक्सला आली. दहावी शिकलेली बाई. कागद काढून झाले तरी उभी राहिली.

"काका, आमाले माईत हाय," ती म्हणाली. "मी वाचलं त्या दिवशीच."

मी तिचे कागद पुन्हा मोजायला लागलो.

"सासूबाईले नाई सांगितलं. देव्हाऱ्यात ठेवलं हाय तिनं ते पुस्तक. रोज त्या ओळीवर कुंकू. लोकाइले दाखवते, आली-गेली बाई धरून आनते. साऱ्याइले माईत हाय, पन कोनी बोलत नाई. तुमीबी नका सांगू आता."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेली आणि मी मशीन बंद करून बसलो. सगळं गाव त्या म्हातारीसमोर वाचायला येत नसल्याचं सोंग करत होतं, आणि या सोंगाचा लेखक मी होतो. दुसरा काही इतिहास मी लिहिलाच नव्हता.

शेवटी मला एक युक्ती सुचली. पुसलेल्या पानाचा मजकूर वहीत होताच. मी ते पुन्हा टाइप केलं, डॉक्टरच्या वाक्यासकट. पुस्तकाला वापरला तोच जाड, गुळगुळीत कागद घेतला, त्याच मापात कापला, खाली सतरा आकडा टाकला. वर तिच्या मायचं नाव. एकच प्रत. ठरवलं, मावशीला म्हणायचं, आधीचं पान खराब छापलं गेलं, बदलून देतो. दोन पिना काढायच्या, पान घालायचं, पिना मारायच्या. आजोबा बाहेर, दाई आत. तिला कळायचंही नाही आणि सारं खरं होऊन जाईल.

बाजाराच्या दिवशी सकाळी गेलो. ती मेथीच्या जुड्या पाण्यानं शिंपडत होती. मी पोत्यावर बसलो.

"मावशी, त्या पुस्तकातलं तुझ्या मायचं पान जरा खराब छापलं. नवीन आणलं आहे. घरी येऊन लावून देतो."

"खराब? कुठी खराब हाय? मस्त हाय."

"शाई फिक्की आहे. हे चांगलं आहे, पाह्य."

तिनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. "नाई रे बाप्पा. ते पान पूजलेलं हाय. रोजचं कुंकू लागलं हाय त्याले. पूजलेलं कोनी काढून फेकते का? माह्या मायले काढून फेकू का?"

"फेकायचं नाही, बदलायचं."

"एकच झालं ते. तू नको लावू हात." मग हसली. "तू लय केलं बाबू. इतलं कोनी नाई केलं माह्या मायसाठी."

आता सांगायची वेळ होती. तोंड उघडलं की झालं असतं. मावशी, ते नाव तुझ्या मायचं नाही, ज्याच्या दवाखान्यापायी तुझी माय पुस्तकातून काढली, त्याचं आहे. एवढं एक वाक्य. मी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर या वयात तिच्या हातून देव्हारा गेला असता, असं मी स्वतःला समजावतो. पण ते खोटं आहे. मला तिच्या तोंडाकडं पाहायचं नव्हतं, एवढंच.

"मंग ह्या कागदाचं काय?" तिनं विचारलं.

"काही नाही. रद्दीच आहे आता."

"दे मंग इकडं."

तिनं माझ्या हातातून पान घेतलं, पोत्यावर पसरलं, अक्षरं वर. चांगल्या दोन जुड्या निवडल्या, पाणी झटकलं, नावावर आडव्या ठेवल्या आणि पान चारी बाजूंनी घट्ट गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"घे, पैसे नको देऊ," ती म्हणाली. "कागद मस्त जाड हाय तुया. भाजी सांडनार नाई."

मी ते घेऊन घरी आलो.